छडी सोडली म्हणून चर्च रिकामी झाली?

आमच्या भारतातल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, महिला संघाचा अभ्यासवर्ग हल्ली झूमवर असतो, म्हणून मलाही बसता येतं. परवाचा विषय होता ख्रिस्ती पालकत्व. बोलणाऱ्या बाई जुन्याजाणत्या. संडेस्कूलमध्ये माझ्याकडून वचनं पाठ करून घेतली ती त्यांनीच, तेव्हा आदर आहेच. त्यांनी बायबलमधलं नीतिसूत्रे १३:२४ वाचलं, छडी आवरणारा आपल्या मुलाचा वैरी, आणि पुढे म्हणाल्या, "युरोपने आधी छडी टाकली, मग देव टाकला. बाकं रिकामी पडली ती त्यामुळेच." सगळ्यांनी माना डोलावल्या. युरोपात राहणारी मी त्याच पडद्यावर एका चौकोनात बसले होते. मला कुणी काही विचारलं नाही.

ते वाक्य तेव्हापासून मला सलतं आहे. आधी त्यातला इतिहासच तपासू.

मी स्वीडनमध्ये राहते. इथल्या प्राथमिक शाळांतून छडी गेली १९५८ साली. आईबापांचा मारण्याचा हक्क १९६६ साली कायद्यातून निघाला आणि १९७९ साली मुलांवर हात उगारायला स्पष्ट बंदी आली. अशी बंदी घालणारा जगातला हा पहिला देश. घरोघरी कळावं म्हणून तेव्हा दुधाच्या खोक्यांवरसुद्धा हे छापलं होतं. पण रविवारची बाकं त्याच्या कितीतरी आधीपासून ओस पडत आली होती. आमच्या जिन्यातल्या म्हाताऱ्या शेजारीणबाईंनी शाळेत छड्या खाल्ल्या आहेत आणि घरी बापाचा पट्टाही. नाताळ, बाप्तिस्मे आणि मयत सोडली तर त्यांच्या घरचं कुणी चर्चची पायरी चढत नसे, असं त्याच सांगतात. उलट अमेरिकेत आईबापांनी मुलाला चापट मारणं आजही कायद्याला मंजूर आहे आणि काही राज्यांत शाळेतही फळीने मारता येतं. तिथली तरुण पोरं चर्च सोडून जाताहेत, ती का? याचं उत्तर अभ्यासवर्गात कुणी दिलं असतं तर मी ऐकलं असतं.

या हिवाळ्यात मी याच विषयावर वाचते आहे. संध्याकाळी साडेतीनला काळोख होतो, आजारी मुलासाठी रजा, इथलं वाब, घेऊन घरी बसावं लागतं, मग हातात पुस्तक येतंच. आमच्याकडे मंडळ्यांतून ज्यांचं नाव अजून घेतात त्या अमेरिकन ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ डॉ. जेम्स डॉब्सन यांचं शिस्तीवरचं पुस्तक मी आधी घेतलं. ते १९७० सालचं. त्यात मायेबद्दलही पुष्कळ आहे, तेवढा न्याय मी करते. पण पुस्तकभर धास्ती आहे ती त्या वेळच्या अमेरिकेची. कॉलेजांतली आंदोलनं, मोर्चे, आईबापांना न जुमानणारी पिढी, आणि या सगळ्याचं मूळ म्हणे घरच्या सैल शिस्तीत. एका देशातल्या एका दशकाची काळजी आपण उचलली आणि तिला शास्त्राची आज्ञा समजलो. वर पुन्हा मला ऐकवायचं की मी पाश्चात्त्य झाले!

मग वाचली सुझाना वेस्लीची पत्रं. मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन आणि चार्ल्स वेस्लीची ही आई. एकोणीस मुलं झाली, त्यातली नऊ तान्हेपणीच गेली. आमच्याकडे मदर्स डेच्या संदेशात, म्हणजे प्रवचनात, तिचं नाव हमखास येतं, आणि येतं ते १७३२ च्या पत्रासाठी. मुलं वर्षाची होता होता त्यांना छडीचं भय आणि हळू रडणं शिकवलं, असं तिने त्यात लिहिलं आहे. वाचताना माझ्या पोटात तुटलं. पण त्याच बाईचं १७१२ चं एक पत्र आहे, त्याबद्दल मी संदेशात कधी ऐकलं नाही. घरकामाच्या त्या रगाड्यातून तिने प्रत्येक मुलाला आठवड्यातली एकेक संध्याकाळ वाटून दिली होती. त्या वेळी त्या मुलाशी एकटीने बसून बोलायचं, त्याच्या जिवाची विचारपूस करायची. जॉनची पाळी गुरुवारी. पुढे तो ऑक्सफर्डला नावारूपाला आला, आणि तिथून त्याने आईला लिहिलं की गुरुवारच्या संध्याकाळचा तो थोडासा वेळ मला पुन्हा दे. मोठ्या झालेल्या मुलाला आईकडून काय हवं होतं, ते बघा. जॉनने मागितला गुरुवार. आमच्या व्यासपीठावरून सांगतात ती छडी.

आणि शास्त्रच काढायचं तर स्तोत्र २३ आपल्याला तोंडपाठ आहे. "तुझी आकडी व तुझी काठी मला धीर देतात." मेंढपाळाची काठी वाट चुकलेल्या मेंढराला वळवायला आणि लांडग्याला हाकलायला असते. इफिसकरांस पत्रात पौल बापांना बजावतो, "तुम्ही आपल्या मुलांना चिरडीस आणू नका." या ओळीवर अख्खा संदेश मी आजवर ऐकलेला नाही. दुसरीकडे, भारतात २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेतला मार बंद केला, त्याविरुद्ध वचन काढून कुणी उभं राहिल्याचं मी ऐकलं नाही. मास्तरांनी मारलं की तक्रार करायची आणि घरी मात्र तेच पवित्र, हे कसं?

इथे सगळ्यांना माहीत असलेली एक गोष्ट सांगते. इथल्या बालसाहित्यिका आस्त्रिद लिंडग्रेन यांनी १९७८ साली फ्रँकफर्टला जर्मन पुस्तक व्यवसायाचा शांतता पुरस्कार घेताना ती सांगितली होती. एका आईने चुकलेल्या पोराला स्वतःसाठी छडी शोधून आणायला पाठवलं. पोर बराच वेळ आलं नाही. आलं ते रडत. छडी मिळाली नव्हती, त्याने दगड आणला होता. म्हणाला, हा तू मला मारू शकतेस. आईला दुखवायचंच आहे, मग दगडही चालेल, एवढंच त्याला उमगलं होतं. त्या बाईने तो दगड स्वयंपाकघरातल्या फळीवर कायमचा ठेवला. मला वाटतं ही गोष्ट आमच्या वेदीवरून सांगायला हरकत नसावी.

"तिकडे मुलं काढून नेतात" हेही ऐकवतात. २०११ साली एका भारतीय जोडप्याची मुलं सरकारने ताब्यात घेतली, ते प्रकरण नॉर्वेतलं. देश वेगळा, खातं वेगळं. तरी सोशलच्या, म्हणजे इथल्या समाजकल्याण खात्याच्या, नावाने आम्हां बाहेरच्यांच्या पोटात गोळा येतो, हे खरं. बीव्हीसीतली, म्हणजे बाल आरोग्य केंद्रातली, नर्स मुलाच्या गुडघ्याचा ओरखडा बघते तेव्हा मी न विचारता खुलासा देऊन मोकळी होते. शेजारच्या आयांना तसा द्यावा लागत नाही. मी इथलीच आहे असं कितीही म्हटलं, तरी त्या खोलीत नसते.

चर्चमध्येही नसते. वस्तीतलं लाल विटांचं चर्च उबदार आहे, स्वच्छ आहे, पाळकबाई प्रेमळ आहेत. मी जेवणाआधी डोळे मिटते तेव्हा मुलांच्या मित्रांचे आईबाप गप्प होतात. श्रद्धा ही खाजगी बाब, चारचौघांत काढू नये, असं त्यांना वाटतं. इकडच्यांना मी फार धार्मिक, तिकडच्यांना मी सैल. मारापासून मुलांना वाचवायला हा देश शिकला, पण घरात गुडघे टेकून मोठ्याने प्रार्थना करणारी आजी मी त्यांना कुठून आणू? ते आमच्याकडे होतं, भरपूर होतं. उपासना संगीत या आमच्या गीतपुस्तकातली ना. वा. टिळकांची गाणी मला कुणी मारून शिकवली नाहीत, ती कानावर पडत राहिली. मंडळी भरते ती त्याने, हे मी अभ्यासवर्गात सांगणार होते.

मी सुझानाचा कित्ता गिरवते, प्रत्येक मुलाची एक संध्याकाळ. धाकटा प्रभूची प्रार्थना मराठीत सुरू करतो, रोजच्या भाकरीपर्यंत येतो आणि तिथून स्वीडिशमध्ये जातो, कारण चर्चच्या बालगायकांत तसं शिकवतात. मी मराठीत चालू ठेवते. आमेन दोघांचं एकदमच होतं.

थोरलीचं दृढीकरण, म्हणजे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी, पुढच्या वर्षी. तिला विचारलं, कुठे करायचं? ती म्हणाली, इथेच, तिच्या मैत्रिणी इथल्या कोन्फा कॅम्पला, दृढीकरणाच्या शिबिराला, जाणार आहेत. तिचं म्हणणं मला पटलं. आईला ते कसं सांगायचं हे ठरत नाही. तिच्या लेखी ही पोर आमच्याच मंडळीची आहे, आणि खरं सांगायचं तर माझ्याही लेखी.