चला, शिष्ट होऊ या

ग्वाल्हेरला मुंजीला येताना आहेर विसरलात तरी चालेल, शिष्टपणा मात्र आठवणीने बॅगेत टाका. परवा इथल्या लष्कर भागात आमच्याकडे मुंज झाली. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी त्याचं साग्रसंगीत प्रात्यक्षिकच दिलं. त्यातून जे शिकलो ते तुम्हाला फुकट देतोय.

कोशात शिष्ट म्हणजे सभ्य, सुसंस्कृत. शिष्टमंडळ अजून त्याच अर्थावर चाललंय. पण 'काय शिष्ट आहे मेला!' यातला शिष्ट वेगळा. माज करायला पैसा लागतो नाहीतर खुर्ची. भाव खायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. शिष्टपणाला एक भुवई पुरते.

तेव्हा स्टेशनवर उतरताच विचारा, 'इकडे मराठी माणसं आहेत?' घ्यायला आलेला मराठीतच बोलत असेल तर उत्तमच.

पहिला घास घ्या आणि गप्प बसा. वाढणारी तिथेच अर्धी होते.

गाण्याचा विषय निघाला की पुण्याच्या मैफली सांगत सुटा. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी गायकी महाराष्ट्रात नेली ती ग्वाल्हेरची, किंवा कुसुमावती देशपांडे साहित्य संमेलनाच्या पहिल्या महिला अध्यक्ष झाल्या ते 1961 चं संमेलन ग्वाल्हेरचं, हे यजमानाला ठाऊक असतं. पण पाहुण्याला कसं बोलणार? तेवढी सोय असतेच.

आता मुख्य धडा, भाषा. एखादी आठ-नऊ वर्षांची पोर गाठा. ती म्हणेल, 'काका, दार खोलून देऊ?' मग सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणा, 'अगं, खोल विहीर असते, दार उघडतात!' हशा होईल. मठ्ठा येईपर्यंत आणखी दोनदा सांगा, एकदा तिच्या आवाजाची नक्कल करून. पोर पानावरून उठून आत गेली की समजा, जमलं. आमची गेली. तेव्हापासून आजीने काहीही विचारलं तरी 'हाँ' नाहीतर 'पता नहीं'.

अहो, शाळा हिंदी, बाजार हिंदी, मैत्रिणी हिंदी. दौलतराव शिंद्यांच्या छावणीपासून इथे आहोत आम्ही. मराठी शिल्लक आहे ती स्वयंपाकघरात आणि देवघरात, आजीच्या तोंडून मिळेल तेवढी. ती त्या पोरीने उचलली होती, आपणहून. आणि तुम्ही? 'ॲक्च्युअली मी कॅब ऑलरेडी बुक केलीय' हे मराठी, आणि तिचं एक 'खोलून' तेवढं घशात अडकलं? मराठीचा एवढा कळवळा होता तर जवळ घेऊन हळूच सांगायचं होतं, 'उघडू म्हण बाळा.' तेवढ्याने तुमचं काय जात होतं? साठी उलटलेला माणूस लेकराची नक्कल करून टाळ्या घेतो! लाज वाटायला हवी होती तुम्हाला. आणि पाहुण्यांची मर्जी राखायला खी खी करणाऱ्या आमच्या लोकांनाही.