कशावरून?

दिवाळीच्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर ‘नासाने अवकाशातून टिपलेली भारताची दिवाळी’ येतेच. यंदा आप्पांनी, म्हणजे माझ्या काकांनी टाकली. सहावीतली लेक खांद्यावरून डोकावत म्हणाली, "आई, पणत्यांचा उजेड पिवळा असतो ना? मग हे निळं काय?"

मी हा फोटो चार-पाच वेळा पाहिलाय, एकदा पुढेही ढकललाय. निळं कधी खटकलं नव्हतं.

दोघींनी बसून शोधलं. अमेरिकी उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकत्र करून २००३ साली केलेला तो नकाशा. १९९२च्या आधीचे दिवे पांढरे, १९९२ला दिसू लागलेले निळे, १९९८चे हिरवे, २००३चे लाल. हा दिवाळीचा फोटो नाही, असा नासाने २०१२ सालीच खुलासा केलाय. म्हणजे कुठली शहरं कधी पसरली ते त्यात दिसतं. खरं तर फॉरवर्डपेक्षा हेच जास्त भारी होतं! आमचा भाग कुठल्या रंगात आहे हे शोधण्यात लेकीने पाऊण तास घालवला.

मग तिला ते ग्रुपवर लिहायचं होतं. मी पटकन म्हणाले, "राहू दे गं, आप्पांना वाईट वाटेल."

इथेच घोडं पेंड खातं. मुलांना प्रश्न पडतात, पण मोठ्यांना ‘कशावरून?’ विचारलं की आपल्याकडे तो उद्धटपणा ठरतो. शाळेतही तेच. प्रकल्पाच्या वहीत नेटवरचा मजकूर उतरवायचा, चित्रं डकवायची, स्केचपेनने कडा रंगवायच्या. गुण अक्षराला. हे कुठून घेतलंस, कुणी लिहिलंय, असं कुणी विचारत नाही. केरळात कण्णूर जिल्ह्याने २०१८ साली सरकारी शाळांत खोट्या बातम्या ओळखायचे तास घेतले होते. आपल्याला काय अवघड आहे?

त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं ती. त्या दिवसांत मुलं पळवल्याचे म्हणून देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक मूळचा कराचीचा होता, मुलांच्या सुरक्षिततेसाठी केलेली जाहिरात. मोटरसायकलवरचा माणूस मूल उचलून नेतो, मग परत आणून सोडतो आणि पाटी दाखवतो. परत आणण्याचा तुकडा कापून तो पसरवला गेला. मूळचा आणि कापलेला, दोन्ही व्हिडिओ शेजारी ठेवून आठवीच्या वर्गाला दाखवले, तर वेगळा धडा लागणार नाही. अर्थात ‘सगळंच खोटं असतं’ म्हणणारी पोरंही मला नकोत. तोही आळसच.

असो. लेकीने शेवटी आप्पांना फोन केला. आप्पा जरा गप्प झाले, मग म्हणाले, "पण तुला हे कुणी सांगितलं?"

ती आत पळाली. लॅपटॉपवर नासाचं पान अजून उघडंच होतं.