बायोबँक म्हणजे रक्त विकायचं दुकान नाही, तो मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय. कोरोनात घेतलेली सँपल बायोबँकेत (म्हणजे रक्त वगैरेची सँपल आणि त्यांची नोंद पुढच्या संशोधनासाठी जपून ठेवतात ती जागा) ठेवून परदेशी कंपन्यांना विकतात, टेस्ट झाल्यावर सँपलचा तसाही काही उपयोग नसतो, आणि पुढची साथ येईल तेव्हा बघू, आत्तापासून फ्रीझरवर पैसे कशाला. तिन्ही मुद्द्यांवर लिहितो, मधल्यापासून सुरू करतो कारण सगळ्यात मोठी गफलत तिथेच आहे.

टेस्टमधून पॉझिटिव्ह की निगेटिव्ह एवढंच कळतं. पण एकाच घरातला एक भाऊ चार दिवसांत खडखडीत बरा आणि दुसरा व्हेंटिलेटरवर, हे का झालं ते शोधायला दोघांचं त्या त्या दिवसाचं रक्त लागतं, पहिल्या आठवड्यातलं, नंतरचं, बरं झाल्यावर महिन्याभराने परत. तो दिवस गेला की गेला, नंतर कितीही रक्त काढा, त्यात तेव्हाचं काही सापडत नाही. म्हणून ते उणे 80 डिग्रीला ठेवतात, जिवंत पेशी असतील तर लिक्विड नायट्रोजनमध्ये, आणि सोबत वय, डायबेटिस आहे का, आजाराच्या कितव्या दिवशी घेतलं, औषध कुठलं चालू होतं ही नोंद लागतेच, नाहीतर ती नळी नुसती जागा अडवते.

1918 च्या फ्लूत आपल्याकडे एक कोटीच्या वर माणसं गेली असं मानतात. तो व्हायरस कसा होता हे कळलं कसं? अमेरिकन सैन्याच्या पॅथॉलॉजी संस्थेत तेव्हा गेलेल्या सैनिकांच्या फुप्फुसाचे तुकडे मेणात जपून ठेवले होते, त्यातून जेफ्री टाउबेनबर्गरच्या टीमने 1997 मध्ये त्या व्हायरसच्या जीन्सचे तुकडे वाचले, पुढे अलास्काच्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका बाईच्या फुप्फुसाचीही मदत झाली आणि 2005 मध्ये जीनोम, म्हणजे त्या व्हायरसची सगळी जीन्स, वाचून पूर्ण झाला. ज्याने ते तुकडे ठेवले त्याला पुढे त्यातून व्हायरसचे जीन्स वाचता येतील याची कल्पनाही नव्हती. आणि लांब कशाला, आपली कोव्हॅक्सिन पुण्याच्या एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) पेशंटच्या सँपलमधून वेगळ्या केलेल्या व्हायरसपासूनच बनली.

आता "पुढची साथ येईल तेव्हा बघू" हा मुद्दा. यूके बायोबँकेत 2006 ते 2010 मध्ये 40 ते 69 वयाचे 5 लाख लोक घेतले होते, तेव्हा कोरोनाचं नावही नव्हतं. त्यातल्या काहींचे मेंदूचे स्कॅन आधीच झालेले, मग साथीत 785 जणांना परत बोलावलं, त्यात 401 जणांना मधल्या काळात कोरोना होऊन गेलेला, आणि आधीचा स्कॅन हातात होता म्हणून मेंदूत काय बदललं ते दिसलं. आधीचा नसता तर कशाशी ताडून बघणार होते? अँटीबॉडी टेस्टचंही तेच, ती खोटं पॉझिटिव्ह दाखवते का हे तपासायला साथीच्या आधीचं सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पातळ भाग, सगळ्यात भरवशाचं. आपल्याकडे 2020 मध्ये कोरोनाची सँपल साठवायला 16 संस्था ठरवल्या, आयसीएमआरच्या (वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद) 9 आणि बाकीच्या डीबीटी, सीएसआयआर या दुसऱ्या सरकारी विज्ञान विभागांच्या, पण साथ दारात आल्यावर. चांगलं काम झालं, पण आधीच्या काळातलं सँपल तेव्हा कुठून आणणार?

राहिला विकण्याचा मुद्दा. आयसीएमआरच्या 2017 च्या गाइडलाइन्समध्ये स्पष्ट आहे की सँपलचा मालक देणारा माणूस, बायोबँक फक्त सांभाळणारी, आणि आपण नंतर नाही म्हणू शकतो. संशोधकाला नावाच्या जागी कोड दिसतो, संशोधन नीतीला धरून आहे का हे बघणाऱ्या एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि परदेशी संस्थेबरोबर संशोधन करायचं तर आरोग्य मंत्रालयाच्या स्क्रीनिंग कमिटीकडे जावं लागतं. एक गोष्ट मात्र मेसेजवाल्यांची मान्य, टेस्ट करून उरलेलं सँपल ओळख पूर्ण काढून टाकली तर कमिटीच्या परवानगीने आपल्याला न विचारताही वापरता येतं, आणि हे बहुतेकांना कोणी सांगत नाही. बायोबँकेसाठी वेगळा कायदाही आपल्याकडे नाही. तो मागा ना, जोरात मागा, मी पण सही करतो. आणि फॉर्म पुढे आला की तो मराठीत मागा, सँपल किती वर्षं ठेवणार आणि नको म्हणायचं असेल तर कोणाला फोन करायचा हे विचारून घ्या, मग सही करा.