पाग माळ्यावर

गेल्या वर्षी नारळी पौर्णिमेच्या आदल्या आठवड्यात आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक ठराव पास झाला: बाबांनी यापुढे खाडीवर जायचं नाही. कारण ताजं होतं. बाबांचं वय 78, मालवणजवळच्या कोळंब खाडीच्या शेवाळलेल्या पायरीवर पाय सरकला, कोपर खरचटलं. दादाने पाग, म्हणजे हाताने फेकायचं मासे पकडायचं जाळं, गुंडाळून माळ्यावर टाकला, पुण्याच्या ताईने जोडलेले हात पाठवले आणि मी मेल्बर्नहून अंगठा दाखवून मोकळा झालो. ज्यांच्याबद्दल ठराव ते ग्रुपवर नव्हतेच. बाबांकडे अजून बटणांचा फोन आहे. वहिनीने त्यांना वाचून दाखवलं तेव्हा म्हणाले, "घसारलंय, उठलंय, घराक इलंय. तुमी मिटिंग कसली घेतास?"

बाबा एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्तीला वीस वर्षं झाली आणि या वीस वर्षांत त्यांचं खरं ऑफिस म्हणजे खाडी. पाग नाहीतर गरी (गळ), दोन्हीपैकी एक हातात.

पडण्याची भीती खरी आहे, पण घरात बोलली न जाणारी दुसरीही एक गोष्ट आहे. गावात कुणीतरी दादाला ऐकवलं होतं, "झील ऑस्ट्रेलियाक, आणि बापूस चिखलात नुस्तां मारता?" नुस्तां म्हणजे मासे. म्हणजे मुलाने पैसे पाठवायचे आणि बापाने ते पाठवलेले दिसावेत म्हणून झोपाळ्यावर बसायचं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला काम करू न देणं हीच सेवा समजतात. 'आता आराम करा' हे वाक्य आपण इतक्या प्रेमाने म्हणतो की ती शिक्षा आहे हे म्हणणाऱ्यालाही कळत नाही.

मीही तेच म्हणत होतो. मग मला चार वर्षांपूर्वीचे बाबा आठवले, ते इथे आले होते तेव्हाचे. दोन आठवडे सोफ्यावर बसून वैतागले, म्हणून त्यांना मॉर्डियालॉकच्या धक्क्यावर नेलं. इथे हौशी मासेमारीलाही परवाना लागतो, पण व्हिक्टोरिया राज्यात 70 पूर्ण झालेल्यांना तो माफ आहे. बाबांना हे सांगितल्यावर त्यांनी ताठ होऊन विचारलं, "मातारो म्हणान?" मी म्हटलं, ज्येष्ठ म्हणून. फरक त्यांना पटला नाही, पण फुकट ते पटलं. पहिला मासा हाताच्या पंजाएवढा स्नॅपर, रंगाने आपल्या तांबोशीची आठवण देणारा. शेजारच्या माणसाने न बोलता पट्टी पुढे केली. 28 सेंटिमीटरच्या आतला स्नॅपर इथे परत सोडावा लागतो. बाबांनी तो सोडला आणि दिवसभर त्याच्याबद्दल बोलत राहिले. (महाराष्ट्रातही 2023 मध्ये 54 जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिलाय. पट्टी घेऊन बसलेलं मात्र मला अजून कुणी दिसलेलं नाही.)

त्या धक्क्यावर सत्तरी-ऐंशीचे लोक रोज दिसतात. बाक आहे, दिवा आहे, कठडा आहे, पायऱ्या धड आहेत. त्यांना कुणी 'घरी बसा' म्हणत नाही.

पण थांबा. असं काही लिहिलं की गावाकडचे मित्र 'इकडे ये आणि बोल' म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. त्याच धक्क्यावर एक ग्रीक आजोबा रात्री माकूल (स्क्विड) पकडायला येत. मुलगा पर्थला. एक माकूल मिळालं की पुढचं पाण्यात सोडत, कारण खाणारं तोंड एकच. बाबांना ते बघवलं नाही. बाबांच्या पाटीतली बोय मासळी मिळाली तशी तीन घरांत जाते: एक वाटा शेजारच्या काकींचा, एक आत्याचा, उरलं ते वहिनीच्या तव्यावर. इथला माणूस मोकळा आहे, पण त्याची वाट बघणारं कुणी नाही. आपल्याकडे वाट बघणारे पाच जण, म्हणून दाराला कडी.

पाग टाकणं म्हणजे काय हे बघितल्याशिवाय कळत नाही. दोरी मनगटाला, जाळ्याचा एक भाग कोपरावर, एक कडा दातांत. मग कंबरेतून अर्धी गिरकी, आणि शिशाच्या गोळ्या पाण्यावर गोल पडल्या तरच मासा. जागतिक आरोग्य संघटना 65 च्या पुढच्यांना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय तीन दिवस तोल सांभाळायचे व्यायाम. चिखलात उभं राहून पाग फेकणाऱ्याला तोलाचा आणखी कोणता क्लास लावायचा? डोक्याचं कामही आहेच. बाबा भरती काढतात ती तिथीच्या पाऊणपटीने: अष्टमी, म्हणजे आठाचे पाऊणपट सहा, सहाला पूर्ण भरती. पाग माळ्यावर गेल्यावर तीन महिन्यांत ते कॅलेंडरकडे बघेनासे झाले. आज काय तिथी, असं मी विचारलं तर म्हणाले, "माका काय करूचा हा?" त्या उत्तराने मी घाबरलो. कोपराला घाबरलो नव्हतो तेवढा.

सरकारचंही आमच्यासारखंच. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत 65 वर्षांच्या पुढच्या गरजूंना चष्मा, श्रवणयंत्र, काठी अशा साधनांसाठी एकदा 3,000 रुपये मिळतात. चांगलंच आहे. पण काठी घेऊन जायचं कुठे? आमच्या खाडीच्या पायऱ्या कुणी दुरुस्त करायच्या यावर दोन कचेऱ्या एकमेकींकडे बोट दाखवतात.

दादाची बाजू लिहिली नाही तर अन्याय होईल. उद्या खुब्याचं हाड मोडलं तर रात्री गाडी काढणार तो, महिनाभर उठवणार-बसवणार वहिनी. मी तिकिटांचे दर बघत बसणार. सल्ला माझा आणि धावपळ त्यांची, हे परदेशातल्या प्रत्येक मुलाने आधी कबूल करावं. म्हणून जानेवारीत गेलो तेव्हा दादाशी वाद घातला नाही. दोघांनी मिळून खराट्याने आणि चुन्याने पायऱ्या घासल्या, दोन खांबांना नायलॉनचा दोर ताणून बांधला. अटी ठरल्या: एकट्याने नाही, काळोखात नाही, पावसाळ्यात नाही. शेजारचा दहावीतला पोरगा सोबत. त्याची अट, आपल्याला पाग शिकवायचा.

माळ्यावरून पाग मी काढला. दोन ठिकाणी उंदरांनी कुरतडला होता. बाबा काहीच बोलले नाहीत, ओटीवर बसून दुपारभर विणत राहिले.

परवा इथे रात्रीचे दहा वाजले होते, तिकडे साडेचार. फोन लावला. मागे पोराचं हसणं, पाण्याचा आवाज. कसे आहात विचारलं, तर बाबा म्हणाले, "आज अष्टमी. पाणी चढता हा, फोन ठेव."