हसा, पण आधी आईला एकटी पाठवून बघा

सकाळी सकाळी आमच्या दहावीच्या ग्रुपवर एकानं रील टाकलं. अमेरिकेला निघालेलं विमान, दाराशी व्हीलचेअरची ही लांब रांग, खुर्च्यांत सगळे आपल्याकडचे म्हातारे-म्हाताऱ्या. वर लिहिलंय, उतरल्यावर हे सगळे टुणटुणीत चालतात, काय चमत्कार! खाली दात काढणाऱ्या इमोजींचा नुसता पाऊस. टाकणारा स्वतः विमानात बसलाय तो बेळगावच्या सांबरा विमानतळावरून बेंगळुरूपर्यंत, तेही कंपनीच्या खर्चानं.

डोकंच फिरलं माझं.

माझी आई निपाणीत तंबाखूच्या वखारीत राबली आणि रात्री घरी विड्या वळल्या. त्यावर बहीण शिकली, शिकागोला गेली. तिच्या बाळंतपणाला आई निघाली, एकटी. मला रजा नव्हती आणि दुसऱ्या तिकिटाचे पैसेही नव्हते, उगाच खोटं कशाला बोलू. रात्रीच्या गाडीनं मुंबई, तिथून दोहा, तिथून शिकागो. शेवटचा टप्पाच १४-१५ तासांचा. आई घरात मराठी, रेशनच्या दुकानात कन्नड, शेजारच्या भाभीशी हिंदी. आपल्या भागात तिचं कुठं म्हणून अडत नाही. पण गेट ऐनवेळी बदललं आणि ते इंग्रजीत पुकारलं, तर तिनं काय करायचं? म्हणून मी व्हीलचेअर सांगितली. हो, पाय धड आहेत तिचे, सौंदत्तीला यल्लम्माचा डोंगर चढते ती. मला खुर्ची नकोच होती, खुर्चीमागचा माणूस हवा होता.

आणि तो भेटला. दोह्यात, नेपाळी पोरगा. तिथं विमानतळावर ते अवाढव्य पिवळं अस्वल आहे ना, डोक्यावर दिवा असलेला पुतळा, त्याच्यासमोर खुर्ची थांबवून त्यानं स्वतःच्या फोनवरून मला कॉल लावला. आई म्हणते, "ह्यो मला आमा म्हनतोय बघ."

खऱ्या अपंगांना खुर्ची मिळत नाही, ताटकळतात, असं कुणीतरी लिहिणारच. ताटकळतात, मान्य. धडधाकट चाळिशीतला माणूस रांग चुकवायला खुर्ची मागत असेल तर त्याला खुशाल बोला. म्हाताऱ्यांना सोडा.

कारण पुढचे तास तिनं कसे काढले ते आम्हाला नंतर कळलं. पाणीच प्यायली नाही. का, तर संडासाचं दार. मधोमध दुमडणारं ते दार, आणि कडी सरकवल्याशिवाय आत नीट उजेड पडत नाही. एकदा गेली, अंधारात घाबरून तशीच परत आली. मग ठरवूनच टाकलं, प्यायचंच नाही. तिथली हवा आधीच कोरडी. पाय असे सुजले की चपलेत जाईनात, जोडवी रुतून बसली. जेवणाला चव लागेना. एवढ्या उंचीवर जीभ कुणाचीच धड चालत नाही, आतला दाबसुद्धा सहा-आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तसा असतो. पण तिला वाटलं आपल्याला ताप आलाय, आणि सांगणार कुणाला! त्यात सकाळी सुटलेलं विमान पश्चिमेला जातं, सूर्याच्या मागं मागं. "घड्याळात रात झाली तरी खिडकीत ऊन. दिसच सरंना बाबा," असं ती अजून सांगते. शेजारच्या गोऱ्या बाईनं समोरच्या पडद्यावर नकाशा लावून दिला होता, तेवढं ते चिमुकलं विमान बघत बसली बिचारी.

आणि उतरल्यावर पासपोर्ट तपासणीला बोटांचे ठसे. उमटेनात. हात पुसून पुन्हा, दाबून पुन्हा. उमटणार कुठून? तंबाखूनं आणि विडीच्या पानांनी ती बोटं कधीच गुळगुळीत झालीत, आधार कार्डाच्या वेळीही हाच तमाशा झाला होता. खिडकीतला अधिकारी काय विचारतोय ते तिला कळेना, डोळ्यांत पाणी. खुर्ची ढकलणारी बाई गुजराती निघाली. तिनं हिंदीत विचारलं, तशी आईनं दोन्ही तळवे तिच्यापुढं उलगडले आणि म्हणाली, "बिडी. बिडी बनाया."

ती बाई नसती तर? सांगा ना, रील टाकणाऱ्यांनो. तुमची आई असती तिथं तर?

जाऊ दे. त्या पोराशी भांडून उपयोग नाही, त्याची आईही उद्या जाईलच कुठंतरी, तेव्हा तोच खुर्ची मागेल.

आई पुन्हा निघालीय, बहिणीचं दुसरं. खुर्ची आत्ताच सांगून ठेवलीय. यावेळी संडासाची कडी कशी सरकवायची ते व्हिडिओ दाखवून तीनतीनदा घोकून घेतलंय. निपाणी, चिकोडी, बेळगाव, खानापूर, कुठूनही दिवाळीनंतर कुणी दोहामार्गे शिकागोला जाणार असेल तर इनबॉक्समध्ये कळवा. म्हातारी त्रास देत नाही. बॅगेत डिंकाचे लाडू आहेत, वाटेत देईल.