पहिला फोन कोणी केला?

सेवा आणि व्यवहारांसंबंधीचे फोन १६०० ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करावेत, असे भारताच्या दूरसंचार नियामकाने, म्हणजे ट्रायने, विमा कंपन्यांना बजावले आणि त्यासाठी १५ फेब्रुवारी २०२६ ही मुदत दिली. तेव्हापासून पुण्या-मुंबईच्या मित्रांशी होणाऱ्या माझ्या चर्चा एकाच वळणाने जातात. विक्रीसाठी १४०, सेवेसाठी १६०० आणि बाकी सारे संशयास्पद, हे गणित कोणालाही समजेल, असे काहींचे म्हणणे असते. असल्या आकड्यांनी काही साधत नाही, अमेरिकेसारखा जबर दंड हवा, असे इतरांना वाटते. मी न्यू जर्सीत राहतो म्हणून या दुसऱ्या मताची साक्ष माझ्याकडे मागितली जाते आणि ती मला मोकळ्या मनाने देता येत नाही.

दंडाची तरतूद येथे खरोखरच जबर आहे. १९९१ च्या दूरध्वनी ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहक स्वतः न्यायालयात जाऊन नियमबाह्य फोनमागे ५०० डॉलरपर्यंत भरपाई मागू शकतो आणि नियम जाणूनबुजून मोडला असल्यास न्यायालय ती १,५०० डॉलरपर्यंत वाढवू शकते. विक्रीचे फोन नको असलेल्यांची राष्ट्रीय नोंदवही २००३ पासून आहे, आणि सकाळी आठच्या आधी किंवा रात्री नऊनंतर विक्रीसाठी फोन करता येत नाही. या वेळा फोन घेणाऱ्याच्या गावच्या धरायच्या असतात. नाव राखून असलेल्या कंपन्या या कायद्याला घाबरतात. काही वकिलांचा तर त्यावर उत्तम चरितार्थ चालतो.

तरीही फोन येतातच. टेक्सासमधील एका टोळक्याने मोठ्या आरोग्यविमा कंपन्यांची नावे खोटेपणाने सांगत २०१९ च्या पहिल्या साडेचार महिन्यांत सुमारे १०० कोटी यांत्रिक फोन लावले, आणि त्यांना २०२१ मध्ये येथील दळणवळण आयोगाने, म्हणजे एफसीसीने, २२.५ कोटी डॉलरचा दंड ठोठावला. असे आकडे बातमीत शोभून दिसतात, पण वसुलीची कथा वेगळी असते. एफसीसीने २०१५ नंतर अशा प्रकरणांत एकूण २०.८ कोटी डॉलरचे दंड केले होते आणि त्यांतून प्रत्यक्षात ६,७९० डॉलर हाती आले होते, असे वॉल स्ट्रीट जर्नलने २०१९ मध्ये दाखवून दिले. ज्याच्याकडे गमावण्यासारखे काही नाही, त्याला दंडाच्या रकमेचे भय नसते.

मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो संमतीचा वाद, कारण तो थेट विमा विकणाऱ्यांनीच घातला. विम्याचे दर तुलनेने पाहण्यासाठी आपण एखाद्या संकेतस्थळावर फोन क्रमांक देतो आणि एका चौकोनात खूण करतो. त्या एका खुणेच्या आधारे तो क्रमांक ‘विपणन भागीदार’ म्हणवणाऱ्या शेकडो विक्रेत्यांपर्यंत पोहोचतो आणि ते सगळे ‘तुम्हीच परवानगी दिली होती’ असे सांगू शकतात. यावर उपाय म्हणून एफसीसीने डिसेंबर २०२३ मध्ये नियम केला की यांत्रिक किंवा ध्वनिमुद्रित विक्रीफोनसाठी लेखी संमती एका वेळी एकाच विक्रेत्याच्या नावे घेतली पाहिजे. तो २७ जानेवारी २०२५ पासून लागू व्हायचा होता. विमा विपणन क्षेत्रातील व्यावसायिकांच्या एका संघटनेने त्याला आव्हान दिले आणि आयोगाने आपल्या अधिकाराची मर्यादा ओलांडली, असे म्हणत अकराव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने २४ जानेवारीला, म्हणजे अवघे तीन दिवस आधी, तो रद्द केला. अमेरिकेचे उदाहरण देणाऱ्यांनी हा प्रसंगही सांगितला पाहिजे.

पासष्टी ओलांडलेल्यांसाठीच्या मेडिकेअर योजनेत मात्र गोष्ट निराळी आहे. तेथे खासगी विमा कंपन्यांना सरकारी तिजोरीतून पैसे मिळतात, त्यामुळे सरकारला अटी घालता येतात. मेडिकेअरच्या खासगी योजना विकण्यासाठी न विचारता फोन करण्यास मनाई आहे. बाहेरच्या विपणन संस्थांना विक्रीच्या साखळीतील संभाषणे ध्वनिमुद्रित करण्याचा नियम २०२२ च्या हंगामापासून लागू झाला, आणि पहिला फोन करणारा व शेवटी अर्ज भरून घेणारा असे दोन वेगळे लोक असले, तरी या साखळीतून दोघेही सुटत नाहीत. हा पहिला फोन कधी कधी भारतात रात्रपाळी करणाऱ्या एखाद्या मुलाने केलेला असतो. अमेरिकेत विमा विकण्याचा परवाना त्याच्याकडे नसल्याने तो इच्छुक माणूस हेरतो आणि फोन परवानाधारकाकडे वळवतो. नियम करणाऱ्यांनी हे ओळखले की आश्वासन पहिल्या फोनवर दिले जाते आणि सही शेवटच्या फोननंतर होते.

आपल्याकडची उणीव मला नेमकी येथे दिसते. पॉलिसी देण्यापूर्वी कंपनी पडताळणीसाठी फोन करते. अटी समजल्या का, हप्ता किती वर्षे भरायचा हे ठाऊक आहे का, असे त्यात विचारले जाते आणि उत्तरे ध्वनिमुद्रित होतात. पण ‘कंपनीचा फोन येईल, सगळ्याला हो म्हणा’ हे आधीच कोणीतरी पढवून ठेवलेले असते. पुढे तक्रार झाली की तेच ‘हो’ ग्राहकाविरुद्ध पुरावा ठरते, आणि ‘पाच वर्षांत दुप्पट’ किंवा ‘अडकलेला बोनस सोडवून देतो’ असे सांगणारा मूळ फोन कोणाच्याच दप्तरात नसतो. तो बहुधा दहा अंकी खासगी मोबाइलवरून आलेला असतो. १६०० ची मालिका स्तुत्यच आहे. फोन कशासाठी आला आहे हे नुसत्या क्रमांकावरून कळण्याची सोय मला न्यू जर्सीत नाही, हेही मान्य करतो. परंतु एकट्या एलआयसीचेच सुमारे १४ लाख एजंट आहेत; त्यांचे, बँकेच्या शाखेतील लक्ष्यपूर्तीच्या दडपणाखालील कर्मचाऱ्यांचे आणि दलालांच्या भाडोत्री फोन करणाऱ्यांचे मोबाइल त्या मालिकेत बसत नाहीत.

ट्रायने फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने दूरसंचार व्यवस्थेत नोंदणी न करता असे विक्रीचे फोन करणाऱ्यांविरुद्ध तक्रारीसाठी सात दिवस दिले आणि दहा दिवसांत पाच तक्रारी आल्यास कारवाईची सोय केली. तो मोबाइल क्रमांक त्यामुळे बंद पडेल; त्यावरून विकलेल्या पॉलिसीचा हप्ता मात्र ज्या कंपनीकडे गेला, तिला काही झळ लागत नाही.

म्हणून माझे मत असे की विम्यापुरती जबाबदारी क्रमांकापेक्षा पॉलिसीला जोडावी. ग्राहकाशी पहिला संपर्क कोणी, केव्हा, कोणत्या क्रमांकावरून आणि कोणाच्या संमतीने केला, याची नोंद प्रस्तावपत्रातच असावी आणि ती देता न आल्यास विक्री नियमबाह्य मानून हप्ता परत करावा. एजंट घरी चहाला येऊन विकतो त्या भागात हे अवघड जाईल, हा आक्षेप रास्त आहे. पण तेथे निदान माणूस ओळखीचा असतो आणि गावातच राहतो. पॉलिसी परत करण्यासाठी आता ३० दिवस मिळतात. पॉलिसीच्या कागदांबरोबरच त्या सर्व फोनांचे ध्वनिमुद्रणही ग्राहकाच्या मोबाइलवर आले, तर ते ऐकून, मुलांना किंवा शेजाऱ्यांना ऐकवून, निर्णय बदलण्यास तेवढे दिवस पुरेसे आहेत.