‘दोन दिवसांत समुपदेशक’ : खुलासा

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय : दोन दिवसांचा ‘ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिस’चा कोर्स करा, प्रमाणित समुपदेशक व्हा. हे खरं नाही.

ट्रान्झॅक्शनल अ‍ॅनालिसिस (टीए) म्हणजे माणसांच्या आपसातल्या वागण्या-बोलण्यावरून मन समजून घेण्याची मानसशास्त्रातली एक पद्धत. मेसेजमधला कोर्स म्हणजे ‘टीए १०१’. किमान १२ तासांची तोंडओळख. प्रमाणपत्र मिळतं ते हजेरीचं. शिक्षकांनी, पालकांनी जरूर करावा, पण त्यावर पाटी लावता येत नाही.

प्रमाणित व्हायचं तर पुढची पायरी मान्यताप्राप्त प्रशिक्षकाबरोबर लेखी करार. मग एकूण २००० तास : प्रत्यक्ष काम ७५०, प्रशिक्षण ६००, सुपरव्हिजन (जाणकाराकडून आपल्या कामाची तपासणी) १५०, उरलेले ५०० इतर व्यावसायिक अभ्यासाचे. त्यानंतर लेखी परीक्षा, मग तोंडी. तोंडीत स्वतःच्या कामाची रेकॉर्डिंग ऐकवावी लागतात आणि गाडी अडते ती इथंच. समुपदेशन घेणाऱ्याची लेखी संमती आधीच घेतलेली नसते. शिवाय आपल्याकडं माणूस मराठीत सुरुवात करून रडताना कानडीत शिरतो; रेकॉर्डिंगमधलं ते बोलणं शब्दशः लिहून काढायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या वर्षापासूनच उतरवत जावं.

हे सगळं झालं तरी ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवता येत नाही. त्याला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. फी भरण्याआधी प्रशिक्षकाचा दर्जा आणि कराराचा नमुना मागा.